अभ्यासिकेशेजारचं कपाट उघडा

प्रति,
महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या आणि गावच्या सार्वजनिक ग्रंथालयांचे अध्यक्ष, कार्यवाह, कार्यकारिणीचे सदस्य आणि ग्रंथपाल यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या अभ्यासिकेत रोज येऊन बसणाऱ्या मुलामुलींसाठी हे पत्र लिहिते आहे. मागणी छोटी आहे आणि तिला पैसेही फारसे लागणार नाहीत. घरातून निघालेल्या, वाटेत पार बदलून गेलेल्या तरुण माणसांची मराठी पुस्तकं तुमच्या कपाटांत आहेत. ती बाहेर काढा, अभ्यासिकेत हाताशी येतील अशी ठेवा आणि त्या मुलांना घरी नेऊ द्या. एवढंच मागायचं आहे, पण ते का मागते आहे हे सांगायला जरा जागा लागेल.

मी निवृत्त शिक्षिका आहे. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर आमच्या तालुक्याच्या ग्रंथालयात जाऊन बसते. तिथलं चित्र तुम्हालाही ओळखीचं असेल. सकाळी सातलाच मुलं जागा धरायला येतात. टेबलावर पाण्याची बाटली, डब्याची पिशवी, चालू घडामोडींची मासिकं, राज्यघटनेचं जाडजूड पुस्तक, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका. संध्याकाळी सहाच्या सुमाराला मुली आवराआवर करतात, कारण शेवटची एसटी. मुलगे रात्री दार बंद होईपर्यंत बसतात. कुणी बाविशीचा, कुणी अठ्ठाविशीचा. जाहिरात कधी निघते, परीक्षा कधी पुढे जाते, निकाल कधी अडकतो याच्या तारखा त्यांना तोंडपाठ असतात. आणि भिंतीपलीकडे, देवघेवीच्या खोलीत, कुलूपबंद कपाटात धर्मानंद कोसंबी असतात. या दोन खोल्यांमध्ये ये-जा जवळपास नाहीच. अभ्यासिकेचं शुल्क वेगळं, ग्रंथालयाची अनामत आणि वर्गणी वेगळी. ज्याने पहिलं कसंबसं भरलं तो दुसरं भरत नाही. त्यामुळे ग्रंथालयात दिवसाचे बारा तास घालवणारा मुलगा त्या ग्रंथालयाचा वाचक नसतो. हे मला फार लागतं.

ही मुलं ज्या वयात आहेत, त्याच वयात कोसंबींनी घर सोडलं. १८७६ साली गोव्यातल्या साखवाळला जन्म. शिक्षण बेताचं, लग्न लहानपणीच झालेलं, नारळाच्या बागायतीची कामं. बुद्धाबद्दल कुठे चार ओळी वाचायला मिळाल्या आणि त्याचा धर्म मुळापासून शिकायचा हे डोक्यात बसलं. घरातून निघायचे आधीचे प्रयत्न फसले होते. १८९९ च्या अखेरीला ते निघाले ते निघालेच. पुण्याला आले, तिथून ग्वाल्हेर, मग काशी. संस्कृत आल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही म्हणून काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बौद्ध धर्म जिवंत पाहायला मिळेल या आशेने नेपाळात गेले आणि जे पाहिलं त्याने निराश झाले. तरी मागे फिरले नाहीत. बुद्धगयेला आले, तिथून कलकत्ता, कलकत्त्याहून सिंहलद्वीप. तिथे पाली शिकले, १९०२ साली भिक्षू झाले, पुढे ब्रह्मदेशात गेले. ज्या माणसाला धड शाळा मिळाली नव्हती, तो पुढे फर्ग्युसनमध्ये पाली शिकवत होता आणि हार्वर्डमध्ये ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथावर काम करत होता. हे सगळं त्यांनी ‘निवेदन’ या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. १९२४ साली ते पुस्तकरूपाने आलं. भाषा इतकी साधी, इतकी सरळ, की आज दहावी झालेल्या मुलालाही कुठे अडायला होत नाही.

माझ्या मते कोसंबींची खरी थोरवी त्या निराशेच्या पानांत आहे. आपण ज्यासाठी निघालो ते इथे नाही, हे कळल्यावर माणूस काय करतो? परीक्षेच्या तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला बसलेल्या मुलाला हा प्रश्न रोज पडतो आणि त्याबद्दल त्याच्याशी कुणी बोलत नाही. क्लासवाले बोलतात ते ‘जिद्द सोडू नका’ एवढंच. कोसंबींनी जिद्द सोडली नाही, पण वाट बदलली. कितीदा तरी बदलली. शिकायचं काय, हे तेवढं पक्कं ठेवलं.

आता एक गोष्ट मला झाकायची नाही. कोसंबी निघाले तेव्हा मागे बायको होती, तान्ही मुलगी होती. त्या दोघींचं काय, हा प्रश्न पुस्तक मिटल्यावरही सुटत नाही, आणि मुलांनी तो विचारलाच पाहिजे. म्हणूनच माझी दुसरी विनंती अशी, की ‘निवेदन’ एकटं ठेवू नका. त्याच्या शेजारी पंडिता रमाबाई ठेवा.

रमाबाईंचा प्रवास हौसेचा नव्हता. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंब घेऊन तीर्थोतीर्थी पुराणं सांगत फिरले. दुष्काळात आई-वडील गेले, बहीण गेली. उरले रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. दोघं पायी चालत राहिले, चार हजार मैलांहून जास्त चालले. पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर घ्यायला काही नव्हतं, म्हणून दोघांनी वाळूत शरीर मावेल एवढे खड्डे खणले, त्यात आडवे झाले आणि वरून कोरडी वाळू ओढून घेतली. हे त्यांनी ‘माझी साक्ष’मध्ये सांगितलंय. एकोणिसाव्या शतकात, विशीही न गाठलेली एक मुलगी, संस्कृत पाठ असलेली, नदीच्या वाळूत स्वतःला पुरून घेऊन रात्र काढते! त्याच चालण्यात, देवळादेवळांतून उपाशी हिंडताना, लहानपणापासून ऐकलेल्या आणि स्वतः सांगितलेल्या शास्त्रांवरचा तिचा विश्वास उडत गेला. १८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोचली, तिथल्या पंडितांनी तिची विद्वत्ता पाहून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. लोकांना पुढची रमाबाई आठवते, शारदा सदनाची, मुक्तिमिशनची. पण ती घडली रस्त्यावर.

पुढे १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, १८८६ मध्ये अमेरिकेला. तिथे दोन-अडीच वर्षं हिंडून परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ छापलं गेलं. तिशीतल्या एका मराठी बाईने एक अख्खा देश कसा पाहावा याचा तो नमुना आहे. तिथल्या बायका संस्था कशा उभारतात, शाळा कशा चालवतात, पैसे कसे जमवतात याच्यावर तिची नजर आहे. आपल्याकडे मुलींसाठी काय काढायचं याचा हिशेब मनात सतत चाललेला आहे.

रमाबाई अमेरिकेला गेल्या त्या मुळात आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. आनंदीबाई एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीवर चढल्या तेव्हा त्यांना नुकतं अठरावं वर्ष पुरं झालं होतं, आणि नवरा बरोबर नव्हता. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र १८८९ सालचं, त्यातली पत्रं वाचण्यासारखी आहेत. सहाच्या एसटीसाठी उठणाऱ्या मुलींच्या हातात ही दोन पुस्तकं तुम्ही द्यावीत असं मला अगदी मनापासून वाटतं. त्या मुलींना गावाबाहेर पाऊल टाकण्यासाठी रोज घरी कारण सांगावं लागतं. आनंदीबाईंनाही सांगावं लागलं होतं. निघण्याआधी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरला, जाहीर सभेत उभं राहून त्यांनी आपण अमेरिकेला का जातो आहोत याची उत्तरं दिली होती.

तुमच्यापैकी काही म्हणतील, की प्रवासवर्णनांचा विभाग आमच्याकडे आहेच. आहे, मला माहीत आहे. त्यात युरोपच्या सहलींची पुस्तकं असतात, हॉटेलं आणि खरेदी असते, खाली कोपऱ्यात चारधामची माहिती असते. वर्गीकरणाच्या नियमाने कोसंबी चरित्रात जातात, रमाबाई एक तर चरित्रात नाही तर धर्मात, गोडसे भटजी इतिहासात. दाखल नोंदवहीच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. पण चोवीस वर्षांच्या मुलाला ही माणसं एकमेकांची सोबती आहेत हे कसं कळणार? मी वर्गीकरण मोडा म्हणत नाही. अभ्यासिकेच्या दाराशी एक वेगळा कप्पा करा आणि ही पुस्तकं तिथे एकत्र उभी करा, एवढंच म्हणते.

गोडसे भटजींचं नाव आलं म्हणून सांगते. ‘माझा प्रवास’ आपण १८५७ च्या बंडाची हकिकत म्हणून वाचतो, आणि अर्थात ती आहेच. पण तो मूळचा कर्जाने वाकलेल्या घरातल्या एका तिशीच्या आतबाहेरच्या भिक्षुकाचा प्रवास आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, घरचं कर्ज फिटेल, एवढ्यासाठी ते चुलत्याबरोबर निघाले. महूच्या जवळ आले तर शिपायांनी गाठून सांगितलं, की बंड उठणार आहे. पुढे झाशीचा वेढा त्यांनी शहराच्या आत राहून पाहिला. गोऱ्या शिपायांनी होतं नव्हतं ते काढून घेतलं. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी धुळीने माखलेली, पठाणी वेषातली झाशीची राणी त्यांना भेटली. ती तहानलेली होती. विष्णुभट पाणी काढून द्यायला पुढे झाले, तर तिने त्यांना थांबवलं आणि मडकं स्वतः हातात घेतलं. मराठीतल्या कुठल्याही कादंबरीतला प्रसंग या पानापुढे मला फिका वाटतो. शेवटी पैसे नाहीतच. गंगेची कावड मात्र त्यांनी खांद्यावरून वरसईपर्यंत आणली आणि आई-वडिलांना स्नान घातलं. चिंतामणराव वैद्यांनी लिहायला लावलं म्हणून हे लिहिलं गेलं, छापून आलं १९०७ साली, लेखक गेल्यावर. वैद्यांनी त्यात बरेच बदल केले होते. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी काढलेली १९६६ ची आवृत्ती तुमच्याकडे असेल तर तिला जपा. निर्लेखनाच्या यादीत ती जाऊ देऊ नका. बांधणी सुटली म्हणून रद्दीत गेलेली अशी पुस्तकं मी पाहिली आहेत आणि तो प्रसंग विसरता येत नाही.

या तिघांकडे एकत्र पाहिलं की एक गोष्ट दिसते. आपण कोण, हे शोधायला यांच्यातलं कुणीच निघालं नव्हतं. एकाला दक्षिणा हवी होती, एकाला बुद्धाचा धर्म शिकायचा होता, एकीला दोन वेळचं अन्न मिळवून जगायचं होतं. काम समोर होतं. ते करताना, ते फसताना, वाटेत भेटलेल्यांकडून शिकताना त्यांचा त्यांना पत्ता लागला. आजकाल मुलांच्या हातात जी अनुवादित प्रेरणादायी पुस्तकं पडतात त्यात मन म्हणेल तिकडे निघा, जग तुम्हाला मदत करील असं सांगितलेलं असतं. ते वाचून दोन दिवस बरं वाटतं. पण ज्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू आहे आणि बहिणीचं लग्न व्हायचंय, त्याला तिसऱ्या दिवशी ते पुस्तक परकं होतं. विष्णुभटांचं कर्ज त्याला परकं वाटणार नाही.

आणि काही मुलं अशी आहेत ज्यांच्यापुढे ‘प्रवास’ हा शब्द काढताना आपणच विचार करायला हवा. आमच्या अभ्यासिकेत ऊसतोड कामगारांच्या घरचा एक मुलगा बसतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आई-वडील कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे जातात, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. लहान असताना तोही बरोबर जायचा. पाचटाच्या खोपीत राहायचा, पहाटे बैलगाडीच्या मागे चालायचा, धाकट्या बहिणीला सांभाळायचा आणि शाळा अर्धीच व्हायची. त्याला मी प्रवासाची पुस्तकं वाचतोस का म्हणून विचारलं. तो म्हणाला, “बाई, आम्ही फार फिरलोय. आता एका जागी बसायचंय.” मी त्याला लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ दिलं. १९८० चं पुस्तक. गाढवांवर संसार लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी घरातला मुलगा, आणि पोरगं शिकलं पाहिजे म्हणून जातपंचायतीचा रोष पत्करणारा बाप. हा मुलगा ते पुस्तक पाठ्यपुस्तकाखाली ठेवून वाचत होता, वेळ वाया घालवतोय असं शेजारच्याला वाटू नये म्हणून. परत देताना त्याने कौतुकाचं काही म्हटलं नाही. त्याला एवढंच विचारायचं होतं, की दर मुक्कामाला शाळा बदलत असताना यांना मागच्या शाळेचा दाखला कसा मिळत होता. त्याचं स्वतःचं आयुष्य त्या दाखल्यापाशी अडलेलं होतं, म्हणून त्याला तेच दिसलं. मी अनेक वर्षं ‘उपरा’ शिकवलं आणि हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता.

म्हणून त्या कप्प्यात ‘उपरा’ असू द्या, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ही असू द्या. ज्यांना फिरणं भाग होतं त्यांच्या पुस्तकांशिवाय हा कप्पा अर्धा राहील.

बाकीची थोडक्यात सांगते, कारण ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. गोनीदांचं ‘स्मरणगाथा’ ठेवा. तेराव्या वर्षी स्वातंत्र्यलढ्यासाठी घरातून पळालेला मुलगा, पुढे गाडगेबाबांच्या सहवासात, पुढे नर्मदेकाठी. त्याला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे आणि बहुतेक ग्रंथालयांत ते असतंच. अनिल अवचटांचं ‘पूर्णिया’ ठेवा, १९६९ चं. पंचविशीच्या आतबाहेरचा एक तरुण डॉक्टर बिहारातलं दारिद्र्य पाहून येतो आणि मग आयुष्यभर लिहीत राहतो. पुस्तक लहान आहे, दोन बैठकांत होतं, अभ्यास बुडत नाही. ‘कोसला’ ठेवाच. सांगवीहून पुण्याला शिकायला जाऊन हात हलवत परत येणाऱ्या पांडुरंगाचा प्रवास नकाशावर फार लांबचा नाही, पण पुण्यात क्लास लावून, खोलीचं भाडं थकवून परत आलेली मुलं आज गावोगाव आहेत. त्यांना तो आपला वाटेल. काकासाहेब कालेलकरांचं हिमालयाच्या प्रवासाचं पुस्तक मुळात गुजरातीत लिहिलेलं, लेखक साताऱ्याचे. मराठीत मिळालं तर जरूर घ्या.

तुमच्या अडचणी मला ठाऊक नाहीत असं नाही. अनुदान वेळेवर येत नाही, सेवकांचे पगार लाजिरवाणे आहेत, मार्चअखेर जवळ आली की यादीतली पुस्तकं घाईने घ्यावी लागतात आणि जास्त सवलत देणाऱ्या विक्रेत्याचा गठ्ठा तसाच कपाटात जातो. अभ्यासिकेच्या शुल्कावर वीजबिल निघतं. हे सगळं खरं आहे. पण मी सांगितलेली बहुतेक पुस्तकं तुमच्याकडे आधीच आहेत. नसतील त्यांपैकी रमाबाई आणि कोसंबी यांच्या मूळ पुस्तकांवर आता कुणाचा लेखाधिकार उरलेला नाही. चार-पाच ग्रंथालयांनी मिळून स्वच्छ अक्षरात, आजच्या वाचकाला लागतील तेवढ्या टिपा घालून त्यांच्या स्वस्त प्रती काढल्या तर कुणाची परवानगी लागत नाही. जिल्हा ग्रंथालय संघाच्या अधिवेशनात हा विषय घ्यायला काय हरकत आहे?

पालकांची अडचण वेगळी. एका कार्यकारिणीच्या बैठकीत मी हे बोलले तेव्हा एका सदस्यांनी शांतपणे विचारलं, की अशी पुस्तकं वाचून पोरं घर सोडून गेली तर जबाबदार कोण. प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही तसंच देते. घर सोडायची इच्छा पुस्तकाने येत नाही, ती मुलांच्या मनात आधीपासून असते. पुण्यामुंबईला, गुजरातेत, आखातात मुलं रोज निघून जातातच. त्यांच्याबरोबर या वाटेवरून आधी गेलेल्या कुणाचं तरी म्हणणं असावं, भुकेचं, फसण्याचं, परत येण्याचं, मागे राहिलेल्यांचं. ‘निवेदन’ वाचलेला मुलगा आईला न सांगता निघेल की सांगून निघेल, हे मी सांगू शकत नाही. पण मागे कोण राहतं याचा विचार केल्याशिवाय तो निघणार नाही, याची मला खात्री वाटते.

तर नेमकं काय करायचं, ते पुन्हा एकदा. अभ्यासिकेत दाराजवळ एक उघडा कप्पा. कुलूप नको. अभ्यासिकेचं शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाला त्या कप्प्यातलं एक पुस्तक वेगळ्या अनामतीशिवाय घरी नेण्याची मुभा, ठराव करून, म्हणजे उद्या ग्रंथपालावर बोट उचललं जाणार नाही. एखादं पुस्तक परत येणार नाही, हे धरून चाला. ते हरवलेलं पुस्तक बहुधा कुणाच्या तरी उशाशी असेल. मुली लवकर जातात, म्हणून त्यांच्यासाठी देवघेव दुपारीही चालू ठेवा. आणि महिन्यातून एकदा, परीक्षा नसेल तेव्हा, त्यांच्यातल्याच कुणाला तरी वाचलेल्या पुस्तकावर बोलायला लावा. बाहेरचा वक्ता आणू नका.

आमच्या ग्रंथालयाला ‘निवेदन’ आणि ‘उपरा’च्या काही प्रती माझ्याकडून देते आहे, दाखल नोंदवहीत नुसतं ‘देणगी’ लिहिलं तरी चालेल. बाकीची यादी कार्यवाहांकडे दिली आहे. तुमच्या पुढच्या कार्यकारिणीसमोर हा विषय आला आणि जे काही ठरलं, होकार असो की नकार, ते अभ्यासिकेच्या सूचनाफलकावर लावा. मुलं तो फलक रोज वाचतात.

आपली नम्र,
एक आजीव सभासद व निवृत्त मराठी शिक्षिका